चार लाल गोल आणि एक प्रश्नचिन्ह

शुक्रवारी संध्याकाळी वुर्यानी माहेरहून परतली, तर पुढच्या ओसरीवर केळ्यांचे तीन घड, भुईमुगाच्या शेंगांची टोपली आणि केळीच्या पानात बांधलेला चिकट भात अशी रास पडलेली. सात महिन्यांची गेंदिस कडेवर झोपलेली होती. दोन दिवसांत घरात कुणाचं लग्न ठरलं की काय, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात समोरचे सुगेंग मास्तर आणखी एक घड घेऊन पायरी चढले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"वहिनी, माफ करा. गेल्या महिन्यात ओळीनं चार दिवस काम होतं आणि आम्ही एकही पुरुष फिरकलो नाही. तुम्हीच निभावलं असणार सगळं."

"कसलं काम?" वुर्यानीने विचारलं.

मास्तरांनी भिंतीकडे बोट केलं. वुर्यानीने पाहिलं. ओसरीवरच्या खिळ्याला तिचं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर लटकत होतं.

तिचा नवरा प्रिहादी हा गल्लीचा प्रमुख. सबंध वर्ष एकाच कागदावर असलेलं कॅलेंडर ओसरीवर टांगायचं, ज्या दिवशी गल्लीचं सामाईक काम असेल त्या तारखेला लाल गोल करायचा, आणि जो पुरुष कामाला येणार नाही त्याने प्रमुखाच्या घरी खाऊ नेऊन माफी मागायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मात्र निव्वळ वुर्यानीचं, फळीमागे लपवलेलं. बाळाच्या वजनाच्या दिवशी सुईणीने तिला बजावलं होतं, की अंगावर पाजतेस तोवर पाळीचा नेम नसतो, आली की खूण करून ठेव. तिने इमानेइतबारे खूण केली. लाल पेनाने. गेल्या महिन्यात तीन ते सहा तारखांना चार गोल, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस काही नाही. सुईण म्हणाली, रविवारपर्यंत वाट बघ, नाही आली तर तपासू. म्हणून येत्या रविवारी गोल आणि त्यात प्रश्नचिन्ह.

त्या प्रश्नचिन्हात वुर्यानीचा जीव अडकला होता. बाटिकच्या कारखान्यातली तिची जागा मालकिणीने बाळंतपणापुरती राखून ठेवली होती, पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. पुन्हा दिवस गेले असतील तर जागा गेलीच. आणि गल्लीत तोंड कुठे दाखवायचं? हातातलं रांगायला लागलं नाही तोवर दुसरं.

"हे प्रश्नचिन्ह काय म्हणायचं?" मास्तरांनी चष्मा सावरत विचारलं. "काम नक्की नाही का?"

"नक्की नाही," वुर्यानी म्हणाली. तिचे कान तापले होते. "उशीरही होऊ शकतो."

"छे, छे. आता चूक व्हायची नाही. रविवारी सहाच्या ठोक्याला सगळे हजर," असं म्हणून मास्तर गेले. म्हणजे ही खबर घरोघर मास्तरच देणार, हे वेगळं सांगायला नको.

तिने सासूला विचारलं. पाइनेम म्हातारी शेंगा निवडत म्हणाली, की ओसरीवरचं कॅलेंडर शेळीने खाल्लं, खिळा ओकाबोका दिसत होता, म्हणून आतलं आणून लावलं. म्हातारीला अक्षरओळख नव्हती, तिला काय बोल लावणार. प्रिहादी आला तेव्हा वुर्यानीने त्याला चुलीपाशी ओढून सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याला अर्थ उमगला आणि तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"अगं, मला वाटलं गोल मीच करून विसरलो. मी तर पुरुषांच्या पाच माफ्या स्वीकारल्या. 'पुन्हा असं करू नका' असंही म्हणालो."

"मग जाऊन सांगा ना, की ते काम नव्हतं."

"आणि मग काय होतं म्हणून सांगू?"

बाहेरून म्हातारीचा आवाज आला. "मागचं गटार आहे की तुंबलेलं," ती सहज म्हणाली.

रविवारी पहाटे वुर्यानी न्हाणीत गेली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. आली होती. अगदी प्रश्नचिन्हाच्या दिवशी. सुटले बाई, असं म्हणत तिने डोळे पुसले. बाहेर आली तर अंगणात सव्वीस पुरुष कुदळी-फावडी घेऊन उभे. सुगेंग मास्तर सगळ्यांच्या पुढे. "आम्ही वेळेवर आलो ना, वहिनी?" त्यांनी विचारलं. वुर्यानी पदराआड तोंड लपवून आत पळाली.

दुपारपर्यंत गटार खळखळ वाहू लागलं. शेजारच्या बायका टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, भजी तळायला आल्या होत्या. एकमेकींकडे बघून गालात हसत होत्या, आणि वुर्यानी लाजेने पिठातून मान वर काढत नव्हती. सगळे पांगल्यावर म्हातारीने कॅलेंडर आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

"सोमवारी खुशाल जा कामावर. पोरीला मी बघेन."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाळीत बाई नमाज पढत नाही, आणि आज पहाटे नमाजाला तुझी चटई गुंडाळलेलीच होती. गेल्या महिन्यात चार दिवस होती, तशीच. त्यानंतर रोज उलगडलेली बघून माझाही जीव खालीवर होत होता. मला अक्षर कळत नाही, पोरी. गोल कळतात."

वुर्यानीला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग बाकीच्या बायकांना?"

"त्यांना ओसरीवर बघितल्याबरोबर कळलं. नवऱ्याच्या वतीने माफी मागायला एकतरी बाई आली का?"

"आणि हे ठाऊक असून तुम्ही ते बाहेर टांगलंत?"

"दीड वर्ष गटार तुंबलं होतं. तुझ्या नवऱ्याला शंभरदा सांगितलं, तो म्हणे बैठक घेऊ." म्हातारीने एक शेंग फोडली. "ओसरीवरचं जुनं शेळीला मीच घातलं."

वुर्यानीने लाल पेन काढलं, म्हातारीदेखत आजच्या प्रश्नचिन्हाभोवतीचा गोल गिरवला आणि कॅलेंडर पुन्हा फळीमागे सारू लागली. म्हातारीने तिचा हात धरला.

"थांब," ती म्हणाली. "विहिरीचा कठडाही पडलाय. पुढची कधी येईल म्हणतेस?"