फेरेटची साक्ष

एका जंगलात एक फेरेट राहत होता, असं मी म्हणणार होतो. पण बाळांनो, तो आता तिथे राहत नाही, आणि गोष्ट नेमकी त्याचीच आहे.

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबुडका प्राणी. याचं नाव सुळक्या. राजाच्या माणसांनी त्याला लहानपणीच पोत्यात घालून नेलं. तेव्हापासून काम एकच. सशाच्या बिळात शिरायचं आणि ससे बाहेर हुसकायचे. बाहेर जाळं लावलेलं. जाळ्यातला ससा राजाच्या ताटात.

बिळातच ससा खाऊन सुळक्या ताणून देईल, म्हणून बैलाला बांधतात तसं दोरीचं मुसकं त्याच्या तोंडाला असे. संध्याकाळी ते निघे आणि दूधभाकरी मिळे. तिने त्याचं पोट दुखे. पण पोटाला कोण विचारतो?

एकदा राज्यात परदेशी पाहुणे येणार होते. राजाला दयाळू दिसायचं होतं. त्याने दवंडी पिटवली, "बळजबरीने आणलेले प्राणी पौर्णिमेला जंगलात सोडले जातील. आपखुशीने आलेले राहतील."

सुळक्या शेपटी फुलवून नाचला. बिचारा!

कोण कसं आलं, हे ठरवायला बखरनवीस गुंडोपंतांना नेमलं. त्यांनी 'फेरेट : रानातून राजवाड्यात' हा ग्रंथ लिहायला घेतला. निष्कर्ष लिहून झाला होता. साक्ष तेवढी राहिली होती.

पंत आले ते कामाच्या वेळेत, म्हणजे मुसकं बांधलेलंच.

"काय सुळकोजीराव, तुम्हांला इथे कोणी बळजबरीने आणलं का?"

"म्म्म! म्म्म्म!" सुळक्याने जोरजोरात मान हलवली.

पंतांनी लिहिलं, 'साक्षीदाराची तक्रार नाही. मान उत्साहाने डोलावली.'

राखणदार सटवाजीला राहवलं नाही. "अवो पंत, तोंड बांधल्यावर कसं बोलंल त्यो? थांबा, म्या सोडतो."

"मला पोत्यातून आणलं," सुळक्या म्हणाला. "आई मागे धावत होती. ससा मी काढतो, खातं भलतंच कोणी. मला घरी जाऊ द्या, पंत. पाया पडतो."

पंतांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांचं लक्ष ग्रंथाच्या जाडीकडे गेलं. दोनशे पानं पुन्हा लिहायची?

"पोतं नको. पालखी लिहू," ते सुळक्याच्या नाकासमोर बोट नाचवत म्हणाले. "आणि आई धावत नव्हती, निरोप द्यायला आली होती."

सुळक्या त्या बोटाला कडकडून चावला.

मग काय! वैद्य आले, पट्टी आली, मुसकं पुन्हा चढलं. पंतांनी डाव्या हाताने शेवटचं प्रकरण पुरं केलं : 'हा प्राणी मुळातच हिंस्र. मुसके त्याच्याच भल्यासाठी आणि त्याच्याच विनंतीवरून बांधण्यात येते.'

पौर्णिमेला पाहुण्यांसमोर एक म्हातारं माकड जंगलात सोडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सुळक्या तेव्हा बिळात ससे हुसकत होता.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं, असं मोठी माणसं सांगतात. पण बोललं काय आणि चावलं काय, ग्रंथात एकच लिहिलं जाणार असेल, तर बाळांनो, आधी चावून घ्यावं.