डोणीवरची सावली

इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात, अपर स्कार्थवेट गावात जून संपता संपता सलग ऊन पडू लागले. तिकडे असे करण्याची पद्धत नाही, त्यामुळे ग्रामसमितीने प्रथम दुर्लक्ष केले.

झळ बसली ती मेव्हिस थ्वेटबाईंच्या फाटकाजवळच्या दगडी डोणीला. एके काळी गुरे जिथे पाणी प्यायची, तिथे आता खडी-वाळूत आल्प्स पर्वतातली रोपे होती आणि मधोमध सॅक्सिफ्रेज या पहाडी झाडाचा रुपेरी, घट्ट गोळा. तो बाईंच्या धाकट्या बहिणीने बी पेरून वाढवलेला. बहीण गेली, गोळा राहिला. बाईंना दुसरे कुणी नव्हते. या झाडाला बर्फ चालतो, उपासमार चालते, फक्त दुपारचे ऊन चालत नाही. उन्हाळ्यात डोणी घरामागच्या सावलीत सरकवायची, एवढाच उपाय. पण रस्त्यावरून दिसणारी प्रत्येक वस्तू म्हणजे वारसा, असा गावाचा ठराव होता. बाई समितीच्या अध्यक्षांकडे, ऑग्डनसाहेबांकडे गेल्या.

"हलवायची? अहो, शंभर वर्षांची डोणी आहे ती!"

"शंभर वर्षांपूर्वी ती गोठ्यात होती, साहेब."

"असेल. ठराव झाला तेव्हा फाटकाशी होती. त्यात 'सुंदर गाव' स्पर्धेचे परीक्षक यायचेत."

"मग छत्री लावू?"

"छत्री वारशात बसत नाही."

"आणि मीच उन्हाच्या आड उभी राहिले तर?"

साहेबांनी नियम आठवून पाहिले. "रहिवाशाने उभं राहायला हरकत नाही."

बाई उभ्या राहिल्या. दुसऱ्या दुपारी निवृत्त पोस्टमास्तर डेरिक बूथ त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. कशासाठी, हे विचारणे त्यांना असभ्य वाटले. या देशात एकटा माणूस नुसता उभा असतो. मागे दुसरा आला की रांग होते, आणि रांगेचे कारण विचारणे म्हणजे पुढच्याच्या अकलेवर शंका घेणे. आठवड्याभरात रांग चर्चपर्यंत गेली.

"पुढे काय मिळतंय हो?" शेजारची आयव्ही कुजबुजली.

"मिळेल तेव्हा कळेलच की," डेरिक म्हणाले. "आपण काय घुसणाऱ्यांतले आहोत?"

सूर्य कुठेही सरको, कुणाची ना कुणाची सावली डोणीवर पडत होती. गोळा टवटवीत झाला.

मग डेरिकना चक्कर आली. समितीची तातडीची बैठक झाली आणि नागरिकांच्या प्रकृतीचा विचार करून रांग बाईंच्याच घरामागच्या सावलीत हलवण्यात आली. वर चहाची सोय.

"अहो, ही सावली डोणीसाठी होती!" बाई कळवळून म्हणाल्या.

"डोणीला चक्कर येत नाही, बाई."

"मग मी एकटी जाते फाटकाशी."

"अवश्य जा," ऑग्डनसाहेब सौजन्याने म्हणाले. "फक्त परत आलात की शेवटून उभं राहावं लागेल."

बाईंनी फाटकाकडे पाहिले. मग मागे पाहिले. एवढी माणसे, आणि सगळ्यांत पुढे त्या! इथे काहीही मिळणार नाही, हे ठाऊक असलेली त्या रांगेतली ती एकमेव बाई. डोळ्यांत पाणी आले, पण पाय हलले नाहीत. मला तिची कीव येत नाही, रागच येतो.

गोळा आधी एका कडेने तपकिरी झाला, मग सगळाच वाळला. परीक्षक आले, शिस्त पाहून भारावले आणि गावाला पहिले बक्षीस देऊन स्वतः रांगेच्या शेवटी उभे राहिले.

तुम्ही हसत असाल. जरूर हसा. मात्र हसताना पुढे सरकत राहा, मागचे लोक खोळंबलेत. आणि तुमच्या फाटकाशी काय वाळतंय ते बघायला जायचे असेल, तर खुशाल जा. तुमचा नंबर धरून ठेवायला इथे कुणी तयार नाही.