भागवतकाकांचं धरण

आमच्या शेजारच्या खिडकीत पीनट बटरच्या रिकाम्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असत. प्रत्येकीत पाणी आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. आधी मला वाटलं, काहीतरी आयुर्वेदिक असेल. मग वाटलं, निरनिराळ्या नद्यांचं तीर्थ असेल. विचारलं तेव्हा भागवतकाका म्हणाले, "हलवू नकोस, बसू दे." काय बसू द्यायचं ते मला कळलं नाही. काकांच्या बाबतीत न कळण्याची पुढं सवयच झाली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढून काका निवृत्त झाले आणि काकू गेल्यावर मुलाकडे, सुहासकडे, न्यू जर्सीला आले. आमचं गाव पिस्कॅटवेपासून अर्ध्या तासावर. सुहास आणि त्याची बायको सकाळी सातला गाडी काढत, ते संध्याकाळी सातला परत. काकांना चालत जाण्यासारखी एकच जागा होती, टाउनहाउसेसमागचं तळं. लोक तिथं बोटी वल्हवायचे, बदकांना पाव घालायचे. काकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की हे मातीचं धरण आहे आणि त्याला वाली कोणी नाही.

तेव्हापासून ते रोज सकाळी टाय, स्वेटर आणि कानटोपी अशा जामानिम्यात इन्स्पेक्शनला निघत. बंधाऱ्यावर झाडं माजली होती, घुशींनी बिळं केली होती. त्या घुशी नव्हेत, ग्राउंडहॉग आहेत, असं मी एकदा सांगून पाहिलं. "बीळ करते ना? मग घूस," काका म्हणाले. पायथ्याशी पाझरणारं पाणी ते बरणीत भरून आणत, म्हणजे गाळ किती बसतो ते दिसावं. "धरण पाझरतंच. निवळ पाझरलं तर खुशाल झोपावं. गढूळ आलं, की समजावं आतली माती चालली."

त्यांनी टाउनशिपला पत्र लिहिलं, ते टाइप मी केलं. सुरुवातीला 'आय हॅव द ऑनर टु रिपोर्ट', शेवटी 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' आणि मध्ये झाडं-बिळांच्या आधी तीस वर्षांच्या नोकरीचा तपशील. आपण कोण हे आधी सांगायचं असतं, असं काकांचं म्हणणं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, की आपल्या अर्जाबद्दल आभार, सध्या जागा रिकामी नाही. मला हसू आवरेना. काकांनी ते उत्तर शांतपणे फाइलला लावलं. पोच तरी मिळाली, म्हणाले.

ऑक्टोबरात मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं. बंधाऱ्यावर फिरणं बंद. पायथ्याशी, डे-केअरच्या कुंपणाला लागून, फोल्डिंग खुर्ची टाकून ते दिवसभर बसायला लागले. गळ्यात शिट्टी. आमची चार वर्षांची मीनल त्याच डे-केअरमध्ये होती. घरी येऊन सांगायची, "आजोबा इज वॉचिंग अस." डे-केअरच्या बाईंनी हे गृहस्थ कोण म्हणून मला हळूच विचारलं. इंजिनियर आहेत, असं मी सांगितल्यावर त्या माझ्याइतक्याच गोंधळल्या.

नवव्या दिवशी मला ऑफिसात पोलिसांचा फोन, काकांनी माझा नंबर दिला होता. डे-केअरमागचा ओढा गुलाबी झाला होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतला उरलेला सगळा गुलाल काकांनी तळ्याकाठच्या एका बिळात ओतला होता. मी पोचले तेव्हा पोलिसांच्या दोन गाड्या, एक बंब आणि मध्ये कोपरापर्यंत गुलाबी झालेले काका. पोलिसाला मी काय समजावणार? मलाच काही समजत नव्हतं. तेवढ्यात टाउनशिपचा इंजिनियर आला. त्यानं वरचं बीळ पाहिलं, पायथ्याचं गुलाबी गढूळ पाणी पाहिलं, आणि तो धावतच वायरलेसकडे गेला. तळ्याचं पाणी थेट बंधाऱ्याच्या पोटातून वाट काढत होतं. तासाभरात डे-केअर रिकामं झालं आणि मोठे पंप लागले.

चार दिवसांत तळ्याचा चिखल झाला, डे-केअर पुन्हा सुरू झालं. लोक वाटेत थांबवून काकांचे आभार मानायला लागले. काका कोणाच्या नजरेला नजर देईनात. मला वाटलं, संकोचले असतील.

रविवारी ते आमच्याकडे आले. चहाला हात लावला नाही.

"गढूळ पाणी आठ दिवस आधीच आलं होतं," ते म्हणाले. "मी पाहिलं होतं."

"मग सांगितलं का नाही काका?"

"सांगितलं असतं तर तळं उपसलं असतं. मग मी सकाळी जायचं कुठं? घरात बारा तास आवाज नसतो गं. रोज म्हणायचो, आजचा एक दिवस. खालीच बसून राहिलो, फुटायला लागलं तर शिट्टी वाजवून पोरं बाहेर काढीन म्हणून. नवव्या दिवशी राहवेना, म्हणून गुलाल ओतून दाखवलं. पण हे काही इंजिनियरचं वागणं नव्हे. तुझी मुलगी होती तिथं."

मीनल समोर गालिच्यावर बसून चित्र रंगवत होती. मला इतका राग आला, की त्यांना जा म्हणावंसं वाटलं. पण मी भिंतीच्या अलीकडेच राहत होते, आणि ते बारा तास कसे जातात म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. मला त्यांची लाज वाटत होती की माझी, हेच कळेना. मी काय बोलले ते बोलल्यावरच मला ऐकू आलं.

"काका, उद्यापासून मीनलला डे-केअरला तुम्ही पोचवाल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "माझ्याबरोबर पाठवशील?"

"हो."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.