मामांचा मुक्काम गाडीत

माझे सासरे चार महिन्यांपासून आमच्याकडे राहतात. पण त्यांच्या मते ते आमच्याकडे एक दिवसही राहिलेले नाहीत. ते त्यांच्या गाडीत राहतात. गाडी आमच्या पोर्चमध्ये उभी आहे, हा भाग वेगळा.

लेकीच्या घरी बापानं मुक्काम करायचा नाही, हा मामांचा नियम. (मी त्यांना मामा म्हणतो, बायको अप्पा.) आले त्या दिवशी आम्ही आत गादी घातली, तर हे व्हॅनच्या मागच्या भागात चादर पसरून आडवे झालेले.

"अप्पा, डास खातील," सुजाता म्हणाली.

"खाऊ देत की. माझ्या गाडीत खातेत."

जेवणाचा प्रश्नही असाच सुटला. नातेपुत्याहून येताना त्यांनी ज्वारीचं एक पोतं आणलं होतं. "ज्वारी माझी हाय. तू नुसती थापतीस."

नातेपुते आणि आजूबाजूच्या आठवडी बाजारांत मामांनी आयुष्यभर स्टीलची भांडी विकली, ती याच व्हॅनमधून. आता तिचा पत्रा जागोजागी कुजलेला. गॅरेजवाले घाई करतात आणि सोलापुरात सामान चांगलं मिळतं, म्हणून काम स्वतः करायला ते आमच्या पोर्चमध्ये आले. "आठ दिसाचं काम हाय," म्हणाले होते. पण मामांच्या हिशोबानं पत्रा हा माणसासारखा असतो. तो दुपारी चिडतो, सकाळी ऐकतो आणि घाई केली की रुसतो. एखाद्या दिवशी हातोडी खाली ठेवून ते जाहीर करतात, "आज त्येचा मूड न्हाय." मग आम्ही सगळे चहा पितो. पत्र्याचा मूड परत यायला दोन कप लागतात.

जावयाला कामाला लावायचं नाही, हाही त्यांचाच नियम. पण खड्डा ठोकून काढताना पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा धरायला दुसरा माणूस लागतो. मामा दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल दिला आणि वाकून नमस्कार केला. मी गोंधळून बायकोकडे बघितलं. तीही बघत होती.

"झाला मान," मामा म्हणाले. "धरा आता ठोकळा."

मी भूगोल शिकवतो. नोकरीत उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे आशिया खंडाचा गुंडाळलेला नकाशा. मामांचा पहिला घाव बसला आणि माझी अक्कलदाढ हलली.

"पाव्हणं, डोळं झाकू नका. हातोडी मी मारतोय, तुमी न्हाय."

माझ्याच पोर्चमध्ये मी पाव्हणा! आणि सुजाताचं चांगलं उलथनं पुट्टी भरायला गेलं, ते अजून परत आलेलं नाही.

गेल्या महिन्यात मात्र कामाला रंग चढला. पत्रा सरळ झाला, पुट्टी घासून झाली, प्रायमर बसला. गल्लीतले लोक येता-जाता थांबून हात फिरवायला लागले. पलीकडच्या गल्लीतले रफिकभाई, रंगाच्या कामातला पक्का माणूस, त्यांनी बोनेटवर तळहात फिरवला आणि म्हणाले, "अप्पा, ये तो मख्खन हो गया. इतवार को मार देंगे रंग." रंगही ठरला, पोपटी. मी तर सगळ्यात खूश. माझी स्कूटर चार महिने उन्हात होती. तिच्या सीटवर पापड भाजून निघाला असता. स्टाफरूममध्ये मी रविवारची बातमी दोनदा सांगितली.

घरी फक्त सुजाता गप्प होती. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं. नातेपुत्याच्या घराला कुलूप. 'अप्पा, इथंच राहा,' असं ती दहादा म्हणाली असेल आणि दहाही वेळा उत्तर एकच: "काम हाय म्हणून थांबलोय. रंग मारला की मी चाललो." रविवार यावा म्हणून मी दिवस मोजत होतो, तो येऊ नये म्हणून ती; आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शनिवारी शाळा अर्धी. दुपारी फाटकाशी आलो, तर पोर्चमधून आवाज. टक... टक... हलके, चोरटे. मामा व्हॅनच्या मागे बसले होते. घासून-पुसून तयार झालेल्या मागच्या दारावर ते हातोडीनं खड्डा पाडत होते. दोन घाव घालायचे, तळहात फिरवायचा, पुन्हा एक. मग हातोडी मांडीवर ठेवून ते रस्त्याकडे पाठ करून नुसतेच बसून राहिले.

मी आवाज न करता मागे फिरलो आणि कोपऱ्यावर उभ्यानंच उसाचा रस प्यायलो. दोन ग्लास.

संध्याकाळी रफिकभाई रंग फवारायच्या कंप्रेसरचं बघायला आले. "अप्पा, ये कब हुआ?"

"मांजरानं उडी मारली असंल," मामा म्हणाले.

"मांजर था के म्हैस?"

मी जोरजोरात मान हलवून सांगितलं की आमच्या भागातली मांजरं अंगापिंडानं फार दांडगी आहेत. रविवार पुढे गेला.

आतल्या खोलीत मी सुजाताला पाहिलेलं सांगितलं. परातीतलं पीठ तिनं कितीतरी वेळ मळलं.

मांजराचा खड्डा मामांनी काढला, चांगला निघाला. आठवड्यात दार पुन्हा गुळगुळीत. रफिकभाईंनी नवा रविवार दिला. मामांनी आपली कपड्यांची पिशवी भरून पुढच्या सीटवर ठेवली. शुक्रवारी सकाळी ते दूध आणायला गेले, तेव्हा मी बाहेर आलो, इकडे-तिकडे बघितलं आणि जे करायचं ते केलं.

ते परतल्यावर मी पडेल चेहऱ्यानं म्हणालो, "मामा, घोटाळा झाला. स्कूटर मागं घेताना गाडीच्या दाराला लागली."

मामांनी दूध खाली ठेवलं. खड्ड्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "स्कूटरचा खड्डा लांबट पडतो. ह्यो हातोडीचा हाय."

मी चपलेकडे बघत राहिलो. दारात सुजाता उभी होती, तिनंही मान खाली घातली.

"आनि हातोडी बी नीट धरल्याली न्हाय," मामा म्हणाले. खाकरून त्यांनी पुढच्या सीटवरची पिशवी उचलली आणि मागे टाकली. मग पाठमोरेच, पत्रा चाचपत म्हणाले,

"शाळा कितीला सुटती तुमची? लवकर येत जावा. शिकवतो."