पुरवणीची शू

ग्रंथपालांच्या घरात मांजर राहणार की जाणार, याचा निकाल महिनाअखेरच्या रविवारी सकाळी दहा वाजता लागणार होता. निकाल देणार होत्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई. बाई शाळेतून खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. शिट्टी सुटली तरी आवाज मैदानाच्या मापाचाच राहिला होता, आणि नाक आवाजापेक्षाही तिखट. जिना चढताना त्यांना मांजरीच्या वाळूच्या ट्रेचा वास आला आणि त्यांनी दारातच बजावलं, की महिनाभरात हा ट्रे गेला नाही तर मांजर जाईल, आणि मांजर गेली नाही तर भाडेकरू जातील.

मांजरीचं नाव पुरवणी. घरात सगळ्यांच्या मागून आली म्हणून ग्रंथपालांनीच ते ठेवलं होतं. चारचौघांत ते तिची फारशी दखल घेत नसत. पण संध्याकाळी त्यांनी पुस्तक उघडलं, की ती येऊन मांडीवर बसे आणि पुस्तक मिटेपर्यंत हूं की चूं न करता बसून राही. सव्वीस वर्षं ग्रंथालयात शांतता मागत बसलेल्या माणसाला असा वाचक एकदाही भेटला नव्हता. ती गेली तर माझं घरात लक्ष लागणार नाही, हे त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

"आणि मी गेले तर लागेल का, तेही आत्ताच सांगून टाका," बायको म्हणाली. ती घरातच शिवणाचे वर्ग घ्यायची आणि बोलताना तोंडातली टाचणी काढायची तिला गरज पडत नसे.

ग्रंथपालांनी पायांत चपला अडकवल्या. ते ग्रंथालयात गेले आणि 'मांजरीला कमोड वापरायला कसे शिकवावे' या विषयावरची एक बारीक पुस्तिका स्वतःच्या कार्डावर घेऊन आले. गेल्या चौदा वर्षांत ती कोणी नेलेली नव्हती. पद्धत सोपी होती. ट्रे कमोडच्या शेजारी ठेवायचा आणि रोज थोडा थोडा उंच करत जायचा. मांजरीच्या लक्षात न येता तो कमोडच्या उंचीला पोचला, की मधला पसारा काढून टाकायचा.

उंची वाढवायला त्यांनी ग्रंथालयातून बाद केलेल्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांचा गठ्ठा आणला. आता दुसऱ्या कोणी जाडजूड डिरेक्टरी खाली आणि चिटुकली वर ठेवली असती. पण ग्रंथपालांचा हात अशा बाबतीत ऐकत नसे. त्यांनी त्या सालाप्रमाणे रचल्या. सर्वांत जुनी तळाला. जुन्या काळी फोन मोजक्याच लोकांकडे, त्यामुळे तळाची डिरेक्टरी वहीएवढी आणि सर्वांत वरची पाटाएवढी. बायकोने एकदा डोकावून हे उलटं लागलंय असं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिला अनुक्रमाचं महत्त्व समजावून दिलं. नवव्या दिवशी सकाळी पुरवणी ट्रेवर चढली आणि ट्रे, वाळू आणि अकरा वर्षांचे टेलिफोन यांच्यासकट कोसळली. अर्धी वाळू कमोडमध्ये गेली आणि तो तुंबला.

घरात संडास एकच. आणि घरात ग्रंथपालांचे वडीलही होते. बाबांना दर तासाला जावं लागे आणि कानांनी जरा कमी ऐकू येई. प्लंबर येईपर्यंतचे साडेतीन तास त्यांनी शेजाऱ्यांकडे ये-जा करत काढले. या मांजरीपायी मला या वयात दारोदार फिरावं लागतंय, असं ते वाटेत भेटेल त्याला सांगत होते.

पुढचा टप्पा म्हणजे कमोडवर भोक पाडलेलं प्लॅस्टिकचं टोपलं बसवायचं आणि भोक रोज वाढवत न्यायचं. पुरवणी टोपल्यावर मजेत बसू लागली, पण नुसतीच. ग्रंथपालांकडे बघत बसायची. इथे पुस्तिकेत उपाय होता: मांजरीला एक ठराविक आवाज ऐकवावा, म्हणजे तो ऐकताच तिला पुढचं सुचतं. ग्रंथपालांना आवाज शोधावा लागला नाही. लहान मुलाला पायांवर धरून जो काढतात तोच.

"शू…" ते म्हणाले.

या एका आवाजात त्यांचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. सव्वीस वर्षांचा रियाज होता. लांब, थंड आणि शेवटी किंचित वर जाणारा. पुरवणीने कान टवकारले आणि काम केलं. आठवड्याभरात टोपलंही निघालं. महिना संपायला पाच दिवस असताना ग्रंथपालांनी ट्रे स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला आणि त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

घोळ दुसऱ्या दिवशी कळला. ग्रंथपाल 'शू' फक्त संडासात म्हणत नसत. बायकोचं शिवणयंत्र, तिच्या विद्यार्थिनींच्या गप्पा, बाबांचा रेडिओ, सगळ्यावर त्यांचा हा एकच उतारा होता, आणि तो दिवसातून तीसेक वेळा निघे. दर वेळी पुरवणी असेल तिथून उठून संडासाकडे पळे, उडी मारून बैठक घेई आणि गंभीर चेहऱ्याने वाट बघत बसे.

बाबा सभ्य माणूस. लोटलेल्या दाराबाहेर उभं राहून त्यांनी खाकरून पाहिलं. आतून उत्तर नाही. मग वीस मिनिटं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत थांबले. शेवटी स्वयंपाकघरात आले तर मुलगा आणि सून दोघंही चहा पीत बसलेले.

"तुम्ही दोघं इथे," बाबा घर दणाणून सोडत म्हणाले, "मग आत कोण आहे?"

"बाबा, हळू. शू…" ग्रंथपाल म्हणाले.

नुकतीच बाहेर पडलेली पुरवणी दारातूनच माघारी वळली.

बायकोच्या ध्यानात सगळा प्रकार ग्रंथपालांच्या आधी आला. तिने सांगितलंही, की तुम्ही हा आवाज बंद करा. पण सवय ती सवय. उलट रविवारी सकाळी ग्रंथपाल इतके धास्तावले होते, की बाई यायच्या आत घरात जरा कुठे भांडं वाजलं तरी त्यांच्या तोंडून 'शू' निघत होतं. दहा वाजेपर्यंत ते अकरा वेळा निघालं. पुरवणी अकरा वेळा जाऊन आली. शेवटच्या चार वेळा तिने केवळ त्यांचा मान राखला.

ठीक दहाला बाई आल्या. त्यांनी खोलीखोलीत थांबून वास घेतला, पलंगाखाली वाकून पाहिलं, आणि काहीच सापडलं नाही म्हणून त्यांचा संशय जास्तच बळावला.

"ट्रे कुठाय?"

"टाकला."

"मग ही जाते कुठे? माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांत?"

ती कमोड वापरते, असं ग्रंथपालांनी खालमानेने सांगितलं. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आपण पस्तीस वर्षं मुलांची कारणं ऐकली आहेत, पण इतकं निर्लज्ज कारण कोणी दिलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी हात कमरेवर ठेवले. "दाखवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर आज संध्याकाळी ती या घरात दिसता कामा नये."

ग्रंथपाल संडासाच्या दारात जाऊन "शू…" म्हणाले. पुरवणी आली, चढली, बसली. आणि नुसतीच बसली. बिचारीकडे शिल्लक काही नव्हतंच. ग्रंथपाल पुन्हा म्हणाले. आणखी लांबवून म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते पाहून बायकोला राहवलं नाही. महिनाभर मांजरीच्या नावाने बोटं मोडणारी ती नवऱ्याच्या शेजारी उभी राहून "शू…" करू लागली. काय चाललंय ते बाबांना नीट ऐकू येत नव्हतं, पण सगळे करतायत म्हणून तेही सामील झाले. शेवटी बाईही वाकल्या आणि त्यांनी मैदानी आवाजात साथ दिली. हे जवळजवळ दहा मिनिटं चाललं.

आधी बाबा गप्प झाले. "मला जायचंय," ते म्हणाले. पण जागेवर पुरवणी होती, आणि तिला उठवायला ग्रंथपाल तयार नव्हते. मग बाईंचा आवाज बंद पडला. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी एकदा पुरवणीकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे, आणि "आलेच" एवढंच बोलून त्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेल्या. गुडघेदुखीसाठी त्या पट्टा बांधत हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. बाबा कोणाची परवानगी न घेता त्यांच्या मागोमाग निघाले.

घरात सामसूम झाली. त्या शांततेत पुरवणीने, केवळ ग्रंथपाल आणि बायकोच्या देखत, चार थेंबांची का होईना पण शू केली. ते बघून ग्रंथपालांचे डोळे भरून आले.

बाई सावकाश खाली आल्या. पुरावा बघायला त्या संडासापर्यंत गेल्याच नाहीत. दारातच थांबून त्या कधी नव्हे इतक्या हळू बोलल्या, "राहू दे मांजर. ती जाते यावर माझा विश्वास बसला. पण हा आवाज पुन्हा माझ्या कानावर आला, तर त्याच दिवशी घर खाली करा. मला दर वेळी असा जिना चढवणार नाही."

सोमवारी ग्रंथालयात दोन गृहस्थ एका वर्तमानपत्रावरून वाद घालत होते. ग्रंथपालांच्या तोंडून नेहमीप्रमाणे "शू…" निघून गेलं. दोघे वरमले. थोड्या वेळाने त्यातले एक उठून बाहेर गेले, मग कोपऱ्यातले आजोबा, मग खिडकीजवळ वाचत बसलेल्या एक बाई. हे रोजचंच होतं. आपल्या दराऱ्याने लोक खजील होऊन उठतात, असं ग्रंथपाल सव्वीस वर्षं समजत आले होते. आज ते पहिल्यांदाच मागोमाग जाऊन पाहून आले. तिघेही संडासाबाहेर रांगेत उभे होते. दिवसभर मग त्यांनी कोणालाही काही म्हटलं नाही.

संध्याकाळी ते घरी पुस्तक घेऊन बसले. पुरवणी मांडीवर होती. पलीकडे बाबांचा रेडिओ सगळ्या ताकदीनिशी वाजत होता, आणि बायको एका विद्यार्थिनीने ब्लाउजला दोन्ही बाह्या डावीकडच्याच कशा जोडल्या ते रंगवून सांगत होती. एकच ओळ ग्रंथपालांनी पाचव्यांदा वाचली. नकळत त्यांचे ओठ पुढे आले. पुरवणीने एक कान वर केला आणि पुढचे पाय सरळ केले.

ग्रंथपालांनी ओठ मिटले आणि पुस्तकही मिटलं.

"काही म्हणत होतात?" बायकोने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "तू सांग."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंडातली टाचणी काढून ठेवली, खुर्ची जवळ ओढली आणि बाह्यांची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली.