तणाची लागवड

राष्ट्राच्या प्रगतीला तणाची फार गरज असते. तण नसेल तर तण काढणारं यंत्र लागत नाही, यंत्र नसेल तर ते दाखवणारा अधिकारी लागत नाही, आणि अधिकारीच नसेल तर आपली प्रगती झाली हे राष्ट्राला कळणार कसं?

चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात या कार्यासाठी काटोलजवळच्या मारोतरावांच्या शेताची निवड झाली. (शेत डांबरी रस्त्याला लागून होतं आणि जीपला चिखल चालत नसे.) पेट्रोलवर चालणारी निंदणाची मशीन पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमधून फिरणार होती. नागपूरहून मोठे साहेब, फोटोग्राफर आणि बुंदी येणार होती.

बातमी रंभाबाईच्या कानावर गेली. गावातल्या निंदणाऱ्या बायांची ती पुढारीण. श्रावणात या बायांना निंदणाशिवाय दुसरं काम नसतं. "मशीन येऊन राहिली म्हणते," ती बायांना म्हणाली, "तिच्यासाठी काही ठेवूच नोका वं." बाया शेतात उतरल्या आणि पऱ्हाटीशिवाय तिथं हिरवं काही उरलं नाही.

आदल्या दिवशी नागपुरातल्या सदर भागातल्या शेतकी कचेरीतले मधुसूदन साहेब पाहणीला आले. बांधावरून शेत पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"तण कुठं आहे?"

"काढलं न जी बायांनी," मारोतराव कौतुकानं म्हणाले.

"कुणाच्या परवानगीनं?"

शेत आपलं आहे, एवढंच मारोतरावांना माहीत होतं.

साहेबांची विचारसरणी तर्कशुद्ध होती. तण बायांनी काढलं, म्हणजे बायांनीच ते परत लावायला हवं. त्यांनी रंभाबाईला बोलावलं.

"बाई, तण लावायचं आहे."

"काहून जी?"

"उद्या काढायचं आहे म्हणून."

रंभाबाईनं मारोतरावांकडे पाहिलं. ते ढग पाहत होते.

"जलमभर उपटून राहिलो साहेब, लावलं नाही कधी," ती म्हणाली. "मजुरी निंदणाचीच देता काय?"

"निंदण साधं काम आहे. हे तांत्रिक आहे. जास्त मिळेल."

बांधावर फेकलेलं तरोटा, केना असलं तण बायांनी गोळा करून ओळींमध्ये खोचलं, सुकू नये म्हणून वर घागरीनं पाणी घातलं. साहेबांना ते विरळ वाटलं, म्हणून शेजारच्या शेतातून आणखी उपटून आणलं. (शेजाऱ्याचं निंदण त्यामुळे फुकटात झालं. योजनेचा प्रत्यक्ष लाभ मिळालेला हा एकमेव शेतकरी.)

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली, नारळ फुटला. मशीन सुरू झाली, थोडी पुढं गेली आणि काळ्या मातीत बसली. चाकांना चिखलाचे गोळे, वरून धूर. मोठ्या साहेबांना जेवायला नागपूर गाठायचं होतं. मधुसूदन साहेब रंभाबाईजवळ येऊन हळूच म्हणाले, "ढकलता येईल?"

काही बायांनी मशीन ढकलली. बाकीच्यांनी मागून तण उपटलं. बाया दिसू नयेत म्हणून फोटो समोरून घेतला. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. बायांचे हात मोकळे नव्हते.

अहवालात निष्कर्ष असा निघाला, की यंत्रानं रोजगार जातो हा गैरसमज आहे. पूर्वी एका शेतात बायांना एकदाच काम मिळे. यंत्र येताच काढणं, लावणं, ढकलणं आणि परत काढणं, असं चारदा मिळालं. वाढ तीनशे टक्के.

रंभाबाईला हे पटलं होतं. पुढच्या पावसाळ्यात ती बस धरून सदरला गेली.

"मशीन दुसऱ्या गावाले जाईन तवा आमाले बोलवा जी," ती म्हणाली. "ढकलाले येतो आमी."

"मशीन आपोआप चालते, बाई. तुमच्याच गावात सिद्ध झालं. तुमचं गाव आता यांत्रिक आहे. तिथं निंदणाऱ्या बाया नाहीत."

"मंग आमी काय करत होतो तिथं?"

साहेबांनी अहवाल चाळून पाहिला. "पाहत होता."

रंभाबाई परत आली आणि दुसऱ्या दिवशी निंदायला गेली. गावातल्या बाया आजही निंदतात. फक्त ते मशीननं केलं असं कचेरीत धरतात. मशीन मारोतरावांच्या गोठ्यात असते.

तो फोटो पेपरात आला होता. वाचकहो, आपणही तो पाहिला असेल, आणि हातानं कामं करायचे दिवस आता गेले, असं म्हणून चहाचा रिकामा कप बाजूला ठेवला असेल. थोड्या वेळानं तो कप तिथं नव्हता. तो कुणी उचलला, कुणी विसळला, हे तेव्हा आपण पाहिलं नाही. आत्ताही आपण वाचण्यातच आहात.