दशरथभाऊंची दोन फुटी पट्टी

समस्त चांदा जिल्हावासीयांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, एक एकर जमिनीवर प्लायवूडचे तेराशे एकसष्ट तक्ते बसतात आणि वर पाव तक्ता. हा शोध मोजणीखात्याचा नव्हे, आमच्या कारखान्यातल्या दशरथभाऊंचा.

तक्ते मोजणं हे त्यांचं काम. लांबी आठ फूट, रुंदी चार. "आठ चोक बत्तीस" म्हटल्याशिवाय ते पानही तोंडात घालत नसत. माझी नवी खोली पाहायला आले, तर चहाआधी भिंतींवरून नजर फिरवून माझ्या बायकोला म्हणाले, "साडेचार तक्ते. वहिनी, अलमारी नका घेऊ." चामोर्शीच्या बाजारात एका कांदेवाल्याला म्हणाले, "बसला एका तक्त्यात, अन् बोंब दहा तक्त्याची मारून राह्यला, बाप्पा." घरी मात्र ते एकटेच. बायको भागाबाई आमच्याच कारखान्यात कामाला होती म्हणे. मी लागण्याआधीच ती तापानं गेली.

भाऊंचं हत्यार म्हणजे पितळी बिजागरीची दोन फुटी पट्टी. तक्त्यावर ती लांबीला चारदा पलटायची, रुंदीला दोनदा, दर वेळी पेन्सिलीची खूण. कापडी टेपेला ते हात लावत नसत. बाहेर ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देत, आणि आत भाऊंची पट्टी अळीसारखी चाललेली.

अशात मीटर आला. नागपूरहून नवे साहेब आले, त्यांनी सगळ्यांना मीटरच्या टेपा वाटल्या. भाऊंनी घेतली नाही. साहेब म्हणाले, टेप घ्या, नाहीतर उद्यापासून तक्ते चिकटवायच्या सरसाच्या भट्टीवर जा. ती भट्टी म्हणजे नाकाला जन्मठेप. आम्ही धरून चाललो, म्हाताऱ्याला मीटर जमत नाही. साहेब मीटरचा हिशोब विचारतील म्हणून मी तर एका चिठ्ठीवर उत्तरं लिहून त्यांच्या खिशात सरकवली. त्यांनी ती न वाचता चुना पुसायला वापरली.

साहेबांनी विचारलं, "एक तक्ता किती चौरस मीटर?"

"दोन पूर्णांक सत्त्याण्णव," भाऊ म्हणाले. "सरळ तीन लिहाल, तं शंभर तक्त्यांमागं जवळपास एक तक्ता हवेत जाते."

साहेबांनी कागदावर गुणाकार केला. मग परत केला. उत्तर तेच.

"अहो, हिशोब एवढा पक्का आहे, मग टेप का घेत नाही?"

भाऊ पट्टीची घडी घालत राहिले. बिजागरी दोनदा उघडली, दोनदा मिटली. मग, कुणाला सांगायचं नसावं अशा आवाजात, ते बोलून गेले.

"टेपेचं दुसरं टोक धराले मानूस लागते, साहेब. भागी धरत होती."